बंधाऱ्याचं पाणी आणि रब्बीचं ओलीत: काटोल तालुक्यातल्या एका गटाच्या नोंदी

28 सप्टेंबर

आमच्या गावची नदी म्हणजे जाम नदीला मिळणारा एक मोठा नाला. कागदावर नाला, बोलण्यात नदी. तिच्यावर जुना कोल्हापुरी बंधारा आहे: 8 गाळे (खांबांमधल्या मोकळ्या जागा), प्रत्येक 2 मीटरचा, प्रत्येकात एकावर एक 4 बरगे (पाणी अडवायच्या लोखंडी फळ्या) बसतात, म्हणजे 2.4 मीटर पाणी उभं राहतं. नदीवर मोटरी 14. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या आसपास बरगे टाकायचे, ज्याला जमेल तसं पाणी ओढायचं आणि जानेवारीत एकमेकांचं तोंड बघायचं नाही, असा रिवाज.

यंदा आमच्या शेतकऱ्यांच्या गटाने ठरवलं की आधी पाणी मोजायचं, मग पेरा ठरवायचा. हिशेबाची वही माझ्याकडे आली. दुसऱ्या एखाद्या गावाला करून बघायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून आकड्यांसकट लिहितो आहे.

आज बरग्यांची मोजदाद केली. 32 हवेत, 27 सापडले. पाच कुठे गेले हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. त्यातला एक तर गोठ्याच्या दारात उतार म्हणून टाकलेला दिसतो. मागायला गेलो असतो तर गट आजच फुटला असता, म्हणून नवीन करायचे ठरले. काटोलच्या फॅब्रिकेशनवाल्याने एका बरग्याचे ₹5,500 सांगितले. पाचांचे ₹27,500.

6 ऑक्टोबर

बरगे टाकायची घाई होती, ती थांबवली. परतीचा पाऊस अजून गेलेला नाही. बरगे लावलेले असताना मोठा पूर आला तर पाणी बंधाऱ्याच्या बगलेने रस्ता काढतं आणि काठ खचतो. आपल्याकडचे कितीतरी बंधारे असेच निकामी झाले: मधे भिंत उभी, बाजूने नदी वाहते.

घाई करायची गरज नाही हे आणखी एका कारणाने कळलं, ते पुढच्या नोंदींत.

नव्या रबरी पट्ट्या आणल्या. प्रत्येक बरग्याला दोन्ही बाजू आणि तळ मिळून 3.2 मीटर पट्टी लागते. 32 बरग्यांना साधारण 102 मीटर, मीटरला ₹110 प्रमाणे ₹11,000 च्या वर थोडे. दुकानदाराने वरचे सोडले. खाचांमधला गाळ आणि गंज खरवडायला दोन मजूर लावले. हे काम कंटाळवाणं आहे, पण खाचेच्या तळाशी एक जरी खडा राहिला तर वरचे चारही बरगे तिरपे बसतात.

20 ऑक्टोबर

नदीचा प्रवाह मोजला. साधन काय, तर टेप, पाण्याची बाटली आणि मोबाइलमधलं घड्याळ. रपट्याच्या खाली नदी सरळ आणि एकसारखी आहे, ती जागा घेतली. रुंदी 4 मीटर, सरासरी खोली 18 सेंमी. बाटली अर्धी पाण्याने भरून सोडली, म्हणजे वाऱ्याने ढकलली जात नाही. 10 मीटर जायला 25 सेकंद. वरचं पाणी तळापेक्षा जोरात पळतं म्हणून वेगाला 0.85 ने गुणायचं. हिशेब आला सेकंदाला साधारण 245 लिटर.

याचा अर्थ दिवसाला 21 हजार घनमीटर. हा आकडा लक्षात ठेवा.

23 ऑक्टोबर

बंधाऱ्यात किती पाणी मावतं हे कोणालाच माहीत नव्हतं. उत्तरं "लई" पासून "चार महिन्याचं" पर्यंत मिळाली. पाणी अडवायच्या आधी नदीपात्रातच उतरून मोजणं सोपं, म्हणून दोरी, बांबू आणि पारदर्शक नळीची लेव्हल घेऊन दर 100 मीटरला आडवा छेद घेतला. पाणी पाठीमागे 1,100 मीटरपर्यंत चढतं, रुंदी कुठे 26 मीटर तर कुठे 14.

पूर्ण भरल्यावर 21 हजार घनमीटर, म्हणजे 21 टीसीएम. ऑक्टोबरच्या प्रवाहात हा बंधारा एका दिवसात भरतो! मग 5 तारखेला बरगे टाकले काय आणि 25 ला टाकले काय, साठ्याला काडीचा फरक पडत नाही. दरवर्षीची ती सगळी धावपळ फुकट होती.

खरी गंमत खोलीच्या कोष्टकात निघाली. बंधाऱ्याला टेकून मोजपट्टी रंगवली आणि प्रत्येक खुणेवर किती साठा ते काढलं. 2.4 मीटरवर 21 टीसीएम. 1.8 मीटरवर 10.8. 1.2 मीटरवर फक्त 4.3. आणि 60 सेंमीवर 1 टीसीएमसुद्धा नाही.

नदीचं पात्र खाली अरुंद आणि वर पसरट, शिवाय पाणी जितकं उंच तितकं मागे लांब जातं. त्यामुळे अर्धं पाणी एकट्या सगळ्यात वरच्या बरग्याच्या उंचीत असतं. गावात इतकी वर्षं चाललेलं वाक्य होतं, "अर्धा बंधारा तं हाये ना अजून, काहून चिल्लावता?" अर्धा बंधारा दिसतो तेव्हा पाणी पाचवा हिस्साच उरलेलं असतं. मोजपट्टीच्या बाजूला आता सेंटिमीटरऐवजी थेट टीसीएमचे आकडे लिहिले आहेत. हे करायला एक डबा रंग लागला आणि पूर्ण हंगामात सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला.

26 ऑक्टोबर

बरगे बसवले. दिवस गेला.

3 नोव्हेंबर

पुन्हा प्रवाह मोजला, बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला जिथे पाण्याचा फुगवटा पोचत नाही तिथे. साधारण 150 लिटर. दोन आठवड्यांत 245 चे 150, म्हणजे दर पंधरवड्याला सहा दशांश उरतात. याच उताराने पुढे नेलं तर 17 नोव्हेंबरला 90, 1 डिसेंबरला 54, 15 डिसेंबरला 32, वर्षअखेरीला 19.

मोटरी मोजल्या. 200 लिटरचा ड्रम लावून किती सेकंदात भरतो ते बघायचं, एवढंच. 5 एचपीच्या मोटरी सरासरी 22 सेकंदांत ड्रम भरतात, म्हणजे सेकंदाला 9 लिटर, तासाला 32 घनमीटर. पाटीवर काय लिहिलं आहे याच्याशी संबंध ठेवू नका. दोन मोटरी 5 च्या असून 6 लिटर देत होत्या, एकीचा फूटव्हॉल्व्ह गाळात आणि दुसरीचा पाइप चिंबलेला. विजेचा खर्च दोघींचा तेवढाच.

पटकन हिशेबासाठी: एक क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) पाणी एक तास चाललं की एका एकरावर एक इंच पाणी उभं राहतं. आमच्या तीन मोटरी मिळून जवळपास एक क्युसेक होतात.

5 नोव्हेंबर, गटाची बैठक

मागणी लिहून घेतली: गहू 60 एकर, हरभरा 40, संत्रा 35. आता हिशेब.

गव्हाला साऱ्याने (रानात लांब पट्टे पाडून त्यांत पाणी सोडून) एका पाण्याला एकरी 300 घनमीटर लागतात (7 सेंमी अधिक थोडी नासाडी). 60 एकरांचं एक पाणी म्हणजे 18 टीसीएम. जवळजवळ अख्खा बंधारा, एका पाण्यात! पाच पाणी द्यायचे तर 90 टीसीएम. त्यातले शेवटचे दोन फेब्रुवारीत येतात आणि तेव्हा नदी नसतेच.

म्हणजे हा बंधारा साठवणीचा नाही, हे सगळ्यांना पटायला वेळ लागला. वाहतं पाणी उचलता यावं म्हणून केलेला हा खड्डा आहे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नदी जेव्हा देते तेव्हाच पिकाने घेतलं पाहिजे. म्हणून प्रश्न "किती एकर?" हा नंतरचा, "कधी पेरला?" हा आधीचा.

15 नोव्हेंबरच्या आत पेरलेल्या गव्हाला पहिलं पाणी 21 दिवसांनी मुकुटमुळं फुटताना, दुसरं 42 दिवसांनी, तिसरं 65 दिवसांच्या आसपास फुलोऱ्यात. म्हणजे डिसेंबरचा पहिला आठवडा, डिसेंबरअखेर आणि जानेवारीचा मध्य. एवढी तीन पाणी नदी देऊ शकते. पराटी (कपाशी) उपटून डिसेंबरात पेरलेल्या गव्हाचं तिसरं पाणी फेब्रुवारीत जातं. तो गहू नदीच्या भरवशावर नाही, असा ठराव लिहिला. ज्याची विहीर आहे त्याने आपल्या जबाबदारीवर पेरावा.

यावर खूप कल्ला झाला. एका काकाजींनी विचारलं, "मंग आमी का हरभराच खावा का?" त्यांची चार एकर पराटी अजून वेचणीत होती आणि ती जागा त्यांना गव्हालाच हवी होती. शेवटी त्यांनी अर्ध्यात गहू आपल्या विहिरीवर आणि अर्ध्यात हरभरा घ्यायचं कबूल केलं.

ठरलं ते असं: नदीवरचा गहू 36 एकर, हरभरा 58, संत्रा 35. एकूण 129 एकर. खर्चाची वर्गणी एकरी ₹550.

7 नोव्हेंबर

खालच्या गावचे लोक भेटायला आले. बरगे टाकल्यापासून त्यांच्या डोहात पाणी कमी येतं. गुरांचं पिणं आहे, दोन मोटरी आहेत. त्यांचं म्हणणं खोटं नाही. वरच्याने अडवलं की खालच्याचं तुटतं, हे नागपूर जिल्ह्याला सांगायला नको. मध्य प्रदेशात पेंच नदीवर चौराई धरण झालं, नागपूरला पाणी देणाऱ्या खालच्या तोतलाडोह धरणात येणारं पाणी घटलं आणि 2019 च्या जुलैमध्ये नागपूर शहराला एक दिवसाआड पाणी घ्यावं लागलं. आमचं प्रकरण तेच, आकार छोटा.

करार असा केला: 31 जानेवारीपर्यंत सेकंदाला 5 लिटर खाली जाईलच, गळती धरून. मोजायला बंधाऱ्याच्या खाली व्ही-नॉच बसवायचा. पत्र्याला काटकोनी खाच कापून वेल्डरने ₹1,100 घेतले. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मोजायची. 10 सेंमी उंचीला साडेचार लिटर जातं, 15 ला 12, 20 ला जवळपास 25. उंची थोडी वाढली की पाणी फार वाढतं. उंची पत्र्याला चिकटून मोजू नका, तिथे पाणी वाकतं. मागे दीड-दोन हात सरकून मोजा.

12 नोव्हेंबर

हरभऱ्याचा बराच पेरा ऑक्टोबरच्या शेवटीच झाला होता. गव्हासाठी रान ओलून वाफशावर पेरणी सुरू. नदीत पाणी भरपूर, कोणाला पाळी लागत नाही. सगळे एकमेकांशी गोड बोलतात.

22 नोव्हेंबर

वरून येणारं पाणी तात्पुरतं एका गाळ्यातून काढून, बाकीचे गाळे बंद असताना खाली किती झिरपतं ते बघितलं. व्ही-नॉचवर 20 सेंमी. 25 लिटर! दिवसाला 2,100 घनमीटर, म्हणजे वरून थेंब आला नाही तर दहा दिवसांत बंधारा रिकामा. आज नदी वाहते म्हणून हे दिसत नाही. डिसेंबरअखेर दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल.

रबरी पट्ट्या नव्या असूनही एवढी गळती का? दोन कारणं सापडली. जुने बरगे मधोमध बाकलेले आहेत, त्यामुळे एकावर एक ठेवल्यावर फट राहते आणि त्या आडव्या फटीला पट्टीच नाही. आम्ही बाजूंना आणि तळाला लावली, पण बाकलेल्या पत्र्याला तळाची पट्टी टेकतच नव्हती. दुसरं म्हणजे दोन गाळ्यांच्या खाचेचं काँक्रीट फुटलेलं.

24 ते 27 नोव्हेंबर

बरग्यांच्या खाचेला लागून असलेल्या दुसऱ्या खाचेत जुन्या लाकडी फळ्या उभ्या करून मधल्या जागेत काळी माती भरली. जुन्या लोकांची पद्धत तीच. 10 ट्रॉली लागल्या, ट्रॉलीला ₹900. गळती 25 वरून 6 लिटरवर आली. सगळे खूश.

2 डिसेंबर

प्रवाह मोजला. 54 यायला हवा होता, 35 च आला. बाटली पुन्हा सोडून बघितली, तेवढाच.

कारण उघड होतं. आमचा उतार काढला तेव्हा वरच्या गावांच्या मोटरी बंद होत्या. त्यांच्या गव्हाला पहिलं पाणी सुरू झालं तशी नदी एकदम खाली आली. नदीचा स्वतःचा उतार आणि माणसांनी ओढलेलं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ऑक्टोबरच्या मोजणीत दुसरी दिसत नाही. पुढच्या वर्षी अंदाजाला सरळ एक तृतीयांश कात्री लावायची.

तरी आज बंधारा तुडुंब आहे आणि बरग्यांवरून पाणी सांडतं आहे. हे सांडणारं पाणी परत येणार नाही. म्हणून हरभऱ्याची पाळी पुढे ओढली. ऑक्टोबरमध्ये पेरलेल्या हरभऱ्याला कळ्या लागत आहेत, त्याला 10-12 तारखेला पाणी द्यायचं होतं. ते आजपासूनच गव्हाच्या पहिल्या पाण्याबरोबर सुरू केलं. हरभऱ्याला स्प्रिंकलरने 4 सेंमी पुरतं. आमच्या 12 नोझलच्या संचाला त्यासाठी 3 तास लागतात. चौथा तास चालवला तर भारी काळ्या रानात हरभरा उबळतो आणि मर लागते. एका वावरात विजेची लाइन गेली असं समजून पोरगा झोपला, लाइन परत आली, रात्रभर स्प्रिंकलर एकाच जागी चालला. तो गोल आज पिवळा दिसतो.

11 डिसेंबर

संत्र्याचा विषय. आंबिया बहाराच्या (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या) 26 एकर बागांचं पाणी तोडलं. ताण सुरू, म्हणजे पुढे फुलं एकदम यावीत म्हणून काही दिवस पाणी बंद. हलक्या जमिनीत महिनाभरात पानं सुकून गळायला लागतात, भारी जमिनीत दीड-दोन महिने लागतात. मृग बहाराच्या 9 एकरांवर फळं आहेत, त्यांना ताण देता येत नाही. त्यांचं ठिबक चालूच.

ठरवून केलं नसतं इतकं हे जुळून आलं: गव्हाला पाणी हवं तेव्हा बाग ताणावर आणि बागेचा ताण तोडायचा जानेवारीच्या मध्याला तेव्हा गव्हाचं तिसरं पाणी संपत आलेलं. अडचण एवढीच की तोवर नदीत काही उरलं पाहिजे.

बागेची गरज काढली. 6 बाय 6 मीटरवर एकरी 110 झाडं, 35 एकरांत 3,850. जानेवारीअखेर झाडाला रोज 60 लिटर धरले तर दिवसाला 231 घनमीटर. गव्हाच्या एका एकराच्या एका पाण्यापेक्षाही कमी! ठिबकवरची अख्ख्या गावाची संत्रा दिवसभरात एका एकर गव्हाच्या एका पाण्यापेक्षा कमी पितात, हे मी बैठकीत तीनदा वाचून दाखवलं तेव्हा पटलं.

म्हणून बंधाऱ्यावर 1.2 मीटरला लाल रेघ मारली. खाली उरतात ते 4.3 टीसीएम बागेचे. रेघेखाली पाणी गेलं की साऱ्याने ओलीत बंद, फक्त ठिबक.

16 डिसेंबर

नदी 18 लिटरवर. 14 मोटरी एकदम चालल्या तर 126 लिटर ओढतात. म्हणून सात-सातचे दोन गट पाडले, अ आणि ब, एक दिवसाआड. कागदावर सुरेख दिसतं.

18 डिसेंबर

एका रात्रीत पाणी 20 सेंमी उतरलं. मोजपट्टीने दाखवलं म्हणून कळलं, नाहीतर डोळ्यांना काहीच दिसलं नसतं. जवळपास 4 टीसीएम गेले.

सकाळी एकमेकांवर संशय घेऊन झाला. आईबहिणीपर्यंत गेलं. मग एकेक मोटर बघितली तेव्हा खरं कारण निघालं: ऑटो स्टार्टर. रात्रीची लाइन आली की ऑटोवर ठेवलेली मोटर आपोआप सुरू होते, मालक घरी गोधडीत का असेना. ब गटाची पाळी होती, पण अ गटाच्या मोटरीही ऑटोवरच होत्या. सगळ्या 14 रात्रभर चालल्या. तीन वावरांत तर पाणी धुऱ्यावरून रस्त्यावर आलेलं.

रात्री वावरात जायला कोणी तयार नसतं याला कारण आहे. रानडुकरं आहेत, काटोल-कोंढाळी भागात वाघाचीही वर्दळ असते. ऑटो स्टार्टर लोकांनी हौसेने लावलेला नाही. तेव्हा "ऑटो काढा" म्हणून चालणार नव्हतं.

उपाय असा केला: ज्या गटाची पाळी नाही त्यांच्या पेटीतले फ्यूज काढून एका डब्यात ठेवायचे, डबा एकाच माणसाकडे. पाळी संपली की संध्याकाळी फ्यूज जमा, दुसऱ्या गटाचे परत. डबा गटातल्या सगळ्यात चिडक्या माणसाकडे दिला. सगळ्यांना घाबरवणारा एक माणूस गटात हवाच. पाळीतल्यांनी ऑटोबरोबर टायमर लावायचा, ₹700 चा मिळतो. पाच जणांनी लावला, बाकीचे म्हणाले पाहू.

27 डिसेंबर

गव्हाचं दुसरं पाणी झालं. साऱ्यांची लांबी काही वावरांत 70 मीटर आहे. वरच्या टोकाला पाणी घोट्याइतकं आणि खालच्या टोकाला कोरडं. मधे आडवा दांड काढून सारे अर्धे केले तिथे एकरी 9 तासांचं काम साडेसातवर आलं. हे आधीच करायला हवं होतं, पेरणीनंतर दांड काढताना गहू तुडवला गेला.

4 जानेवारी

गळती पुन्हा वाढली. व्ही-नॉचवर 15 सेंमी, म्हणजे 12 लिटर. नदी स्वतः 9 लिटर देते आहे! येतं त्यापेक्षा जास्त गळतं.

बंधारा सोडून दुसरीकडे बघायची गरज नव्हती. पाणी खाली गेलं तसा काळ्या मातीचा वरचा थर उघडा पडला, उन्हाने वाळला आणि भेगा पडल्या. चार दिवस मोटरी कमी चालल्याने पाणी पुन्हा वर आलं आणि त्या भेगांतून सरळ पार. काळी माती ओली असते तोवर घट्ट, वाळली की बोटं जातील एवढ्या भेगा. वावरात आपण रोज बघतो, भरताना कोणाच्या डोक्यात आलं नाही.

वरची अर्धी माती काढली, मुरूम आणि माती मिसळून थरथराने धुमसून भरली. 8 ट्रॉली. पाण्याच्या बाजूने जुनी ताडपत्री सोडली, पाण्याच्या दाबाने ती फटींवर चिकटून बसते. बारीक फटींसाठी बरग्यांच्या वरच्या अंगाला लाकडाचा भुसा आणि राख टाकली. पाणी ओढून नेतं आणि फटीत अडकवतं. गळती 9 सेंमीवर, साडेतीन लिटरच्या आत.

साडेतीन लिटर क्षुल्लक वाटतं. दिवसाला 290 घनमीटर होतात, सगळ्या संत्र्याच्या रोजच्या गरजेपेक्षा जास्त. महिनाअखेरपर्यंत ते खालच्या गावाच्या वाट्यात धरलेलं आहे म्हणून वाया म्हणता येत नाही. उरलेलं दीड लिटर एका बरग्याच्या कोपऱ्यातून मुद्दाम सोडतो.

10 जानेवारी

मोजपट्टी 2.0 मीटर, 13.8 टीसीएम. गव्हाचं तिसरं पाणी 10.8 टीसीएम मागतं, नदी दिवसाला 600 च्या आसपास देते आणि त्यातले 400 हून जास्त खाली सोडायचे. बाग धरून हिशेब बसत नाही.

भारी जमिनीतल्या हरभऱ्याचं घाट्यांतलं दुसरं पाणी रद्द केलं. त्या रानात हातभर खोल खणून बघितलं, मूठ दाबली की गोळा होतो. हलक्या रानातला 20 एकर तेवढा घेतला आणि तो विहिरींवर. ज्यांची विहीर नाही त्यांना शेजाऱ्याने तासाप्रमाणे पैसे घेऊन पाणी दिलं. दर काय ठेवला यावरून अजून धुसफूस आहे.

21 जानेवारी

तिसरं पाणी 32 एकरांचं झालं आणि पाणी लाल रेघेवर आलं. 4 एकर राहिले. ते दोन्ही शेतकरी शेवटच्या पाळीत होते, त्यांचा काही दोष नाही. त्यांना विहिरीचं पाणी गटाच्या खर्चाने द्यायचं ठरलं. पुढच्या वर्षी पाळीचा क्रम उलटा करायचा, जो शेवटी होता तो पहिला.

आंबिया बागांचा ताण 15 तारखेपासून तुटत आहे. ठिबकवर पाणी सुरू.

17 फेब्रुवारी

बंधाऱ्यात 40 सेंमी, गाळाचं पाणी. ठिबकच्या फिल्टरमधून दिवसातून दोनदा शेवाळ निघायला लागलं म्हणून नदीवरच्या मोटरी बंद केल्या. बागा आता विहिरींवर. फुलं बरी आहेत. एप्रिल-मेमध्ये झाडाची गरज दुप्पट होते, ती नदीने भागणार नाही हे पहिल्यापासून माहीत होतं.

2 जून

बरगे काढले. रंगाने गाळ्याचा आणि थराचा नंबर टाकला (3-2 म्हणजे तिसरा गाळा, खालून दुसरा), म्हणजे पुढच्या वर्षी त्याच जागी बसतील. बाकलेले सहा वेगळे काढून सरळ करायला दिले. बाकीचे ग्रामपंचायतीच्या गोदामात, कुलूप आणि यादी दोघांकडे.

खर्च: नवे बरगे ₹27,500, रबरी पट्ट्या ₹11,000, माती-मुरूम 18 ट्रॉली ₹16,200, मजुरी ₹14,000, व्ही-नॉच ₹1,100, रंग, ग्रीस, भुसा ₹1,200. एकूण ₹71,000. वर्गणी जमा ₹70,950. यात चार एकरांना दिलेलं विहिरीचं पाणी धरलेलं नाही, त्याचे पैसे ज्याने दिले त्याने अजून मागितलेले नाहीत. बरगे सरळ करायचा खर्च पुढच्या हंगामाच्या वहीत.

फुटलेल्या दोन खाचांचं काँक्रीट पावसाआधी करून घ्यायचं होतं. गवंडी लग्नसराईत अडकला, राहिलं. ऑक्टोबरमध्ये बरगे टाकायच्या आधी ते पहिलं काम.